मातीत ठेवलेली द्राक्षं

जानेवारी लागला की माझा उजवा अंगठा दुखायला लागतो. चोवीस वर्षं द्राक्षाची कात्री धरून त्याला सवय झाली आहे. बागेत साखर भरायला लागली की माझ्याआधी त्याला कळतं. मग एका सकाळी पिंपळगावच्या रस्त्यावर क्रेटांनी भरलेला पहिला टेम्पो दिसतो, पॅकहाऊसचं शटर वर जातं आणि आत पाऊल टाकताच तो वास येतो. पिकलेली द्राक्षं, नवा पुठ्ठा आणि फिनेलने पुसलेली फरशी, या तिन्हींचा मिळून एक वास. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मला तो फार आवडायचा. आता तो आला की मी दारात जरा थांबते, केसांवरची टोपी उगाच नीट करते आणि मगच आत जाते.

मी पॅकहाऊसची सुपरवायझर. सरळ सांगायचं तर माझी नेमणूकच संशय घेण्यासाठी आहे. टेबलावर आलेला घड चांगला आहे असं मी कधीच धरून चालत नाही. त्यात कुठेतरी एक तडकलेला मणी असणार, देठाच्या बेचक्यात कोळ्याचं जाळं असणार, वरून टवटवीत आणि आतून मऊ असणार. सापडलं नाही याचा अर्थ नीट शोधलं नाही. एक नासका मणी बोटीतून परदेशी पोहोचेपर्यंत अख्खी पेटी नासवतो, म्हणून प्रत्येक लॉटमधून एक पेटी काढायची, फोडायची, मणी न् मणी तपासायचा. फोडलेली पेटी पुन्हा भरून पाठवता येत नाही. तिच्या जिवावर बाकीच्या गेटबाहेर जातात. हे एकदा अंगात मुरलं की घरीही सुटत नाही. दूधवाला, गॅसवाला, मुलीला बघायला आलेली स्थळं, सगळ्यांना मी आधी वरून आणि मग खालून बघते. नवरा म्हणतो, "उद्या देव समोर उभा राहिला ना, तर तू त्याला आधी उलटा करून देठ बघशील."

दोन वर्षांपूर्वीचा तो सिझन थंडीचा होता. सकाळी निफाडकडून येणाऱ्या बाया शाली गुंडाळून, हात काखेत घालून टेम्पोतून उतरायच्या. मणी इतके गार की पहिला तासभर बोटं बधिर व्हायची. अशाच एका सकाळी नाशिकच्या एका संस्थेच्या ताई एका बाईला घेऊन आल्या. अण्णा, म्हणजे आमचे मालक, यांच्यासमोर बसून त्या बराच वेळ बोलल्या. निर्वासित माणसाकडे आपण नुसती दया म्हणून पाहतो, पण त्याच्या हातात कसब असतं, ते कसब जिथे तो राहतो तिथल्या लोकांच्या कामी आलं पाहिजे, असं काहीतरी. अण्णा मान डोलावत होते. ज्याच्या हातात कॅमेरा असतो त्याच्यासमोर अण्णा नेहमीच मान डोलावतात. मी पहिला संशय घेतला तो ताईंवर. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. फोटो काढतात आणि शेळ्या आमच्याकडे सोडून जातात.

दुसरा संशय त्या बाईवर. तिचं नाव जरमीना. चाळिशीची, उंच, डोक्यावरून घट्ट ओढणी. काबूलच्या उत्तरेला कुठेतरी तिच्या घरची द्राक्षबाग होती. ती सोडून ती दिल्लीला आली, नवरा दिल्लीतच वारला, आणि त्याच्या एका नातेवाइकाच्या आधाराने ती मुलीला घेऊन आमच्याकडे पोहोचली. नातेवाईक नाशकात सुक्या मेव्याच्या गोदामात कामाला होता. मुलगी नववीत होती. तिला पिंपळगावच्या शाळेत नुकताच प्रवेश मिळाला होता. जरमीनाकडे निर्वासित असल्याचं एक कार्ड होतं. मी त्याची झेरॉक्स काढली आणि मग मूळ कार्ड खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. उजेडात काय बघायचं ते मला ठाऊक नव्हतं, पण धरलं.

एकटी मीच संशयी होते असं समजू नका. पॅकिंगच्या टेबलावर चाळीस बाया होत्या आणि चाळीसजणींच्या मनात काही ना काही होतं. त्यांतल्याच हमीदाभाभीने तिला आपल्या घरातली मागची खोली राहायला दिली होती, तीसुद्धा मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, नमाज आमची एकच हाय, ते खरं. पण माणूस कोन हाय, ते काय नमाज सांगती का?" मला हमीदाभाभीचं म्हणणं पटलं. आज वाटतं, आम्हा दोघींचं इतकं एकमत आधी कधीच झालं नव्हतं.

पण तिचे हात. हातांचं मला पहिल्या दिवशीच कळलं होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नाही. नव्या बाईला घड धरायला शिकवावं लागतं, कारण मण्यावरची पांढुरकी साय बोट लागलं की पुसली जाते. जरमीनाने घड देठाच्या अगदी टोकाला दोन बोटांत धरला, हळूच फिरवला आणि नाकाशी नेला. मी ओरडले, "नाक लावू नको, एक्सपोर्टचा माल आहे!" ती दचकली. त्या घडावर तिच्या बोटाचा एकही ठसा नव्हता. मी तो दोनदा पाहिला.

मातीचा विषय निघाला तो तिच्या एका चुकीतून. पॅकहाऊसच्या मागेच मंगलचं घर आहे. मंगल म्हणजे आमच्या टेबलावरची सगळ्यात जुनी बाई, तोंडाने फटकळ. तिच्या घराच्या भिंतीवर गोवऱ्या थापलेल्या असतात. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे पाणी प्यायला गेलो, तर जरमीना भिंतीपाशी उभी राहिली ती हलेचना. मग तिने एक वाळलेली गोवरी अलगद सोडवली, कानाशी नेऊन हलवली आणि अगदी गंभीरपणे मंगलला विचारलं, "इस में कितने गुच्छे हैं?"

"गुच्छे? अगं बये, शेण हाय ते!"

दुपारभर टेबलावर दुसरा विषय नव्हता. एकीला हसू आवरलं की दुसरीला फुटायचं. जरमीनाने हात धुतला, हाताचा वास घेतला आणि मग तीही हसली. हसताना ती पुष्कळ लहान दिसायची. मग तिने सांगितलं की त्यांच्याकडे माती आणि भुसा कालवून अशाच थाळ्या करतात. एका थाळीत घड ठेवायचे, वर दुसरी थाळी पालथी घालायची, कडा ओल्या मातीने बंद करायची. पानगळीत ठेवलेली द्राक्षं वसंतातल्या नव्या वर्षाला उघडून खायची, ताजी, बागेतून तोडल्यासारखी. बर्फ नाही, मशीन नाही, औषध नाही. "मिट्टी थोड़ी साँस लेती है," ती म्हणाली.

मी म्हटलं, थापा. बावीस वर्षं मी बुरशीशी भांडते आहे. बंद जागेत द्राक्ष ठेवलं की काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. पण अण्णांच्या कानावर गोष्ट गेली होती. लाइट गेली की आमच्या कोल्ड रूमचं काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी जरमीनाला बोलावलं आणि मला समोर बसवून सांगितलं, "करून दाखव. मार्चअखेर ठेवायचं, जूनच्या सुरुवातीला उघडायचं. जमलं तर मागची दगडी खोली तुझी. पुढच्या सिझनपासून गावातल्या बायांना तू शिकवायचं. इथं राहण्यासाठी कामाचं पत्र लागतं ना, ते मी देतो." नाही जमलं तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. सिझन संपला की काम संपणार होतं, काम नसलं की इथे थांबायला कारण उरणार नव्हतं, आणि मुलीची ही तिसरी शाळा होती.

आज सकाळी पॅकहाऊसला येताना मी ती दगडी खोली पाहिली. त्यात आता पुठ्ठ्याचे गठ्ठे ठेवतात. दार उघडंच असतं, कुलूप लावण्यासारखं आत काही नाही. मंगल मागून येत होती, म्हणाली, "काय बघताय मॅडम, रिकामीच हाय." मी म्हटलं, "काही नाही, उंदीर बघत होते."

मार्चमधले ते दिवस मात्र मला स्पष्ट आठवतात. दुपारी ऊन तापायचं आणि सकाळी अजून गारवा असायचा. जरमीनाने कादवेच्या काठची चिकण माती आणवली, गव्हाचा भुसा मागितला आणि अनवाणी पायांनी चिखल तुडवायला लागली. बाया लांबून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी मंगलला राहवलं नाही. "शेवटी थापनंच ना ते? ते काय मला येत नाय व्हय?" म्हणत ती खाली बसली, आणि खरोखर तिची थाळी जरमीनाच्या थाळीपेक्षा गोल झाली. जरमीनाने ती हातात घेतली, कडेवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. मग त्या दोघी बोलतच राहिल्या. एक हिंदीत, एक मराठीत, आणि दोघींना सगळं कळत होतं. मला वाटलं, ही बाई आमच्या बायांना हळूहळू फितवते आहे.

थाळ्या चार दिवस उन्हात वाळल्या. भरायच्या दिवशी सिझनचं शेवटचं लोडिंग होतं, सगळ्या बाया पुढच्या शेडमध्ये गेलेल्या. मागे मी आणि जरमीना दोघीच. आमच्या सीडलेस द्राक्षांची साल पातळ, ती टिकणार नाहीत हे तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं. कुंपणाला साहेबी जातीच्या द्राक्षाचा एक म्हातारा वेल आहे, जाड सालीचा, बियांचा. आता ती द्राक्षं कुणी विकत नाही, पाखरं खातात. तिने त्याचेच घड मागितले. वेलाचं नाव सांगितलं तर म्हणाली, आमच्याकडेही साहेबी असते. मी मनात म्हटलं, आत्ता ऐकलं आणि आत्ता जोडलं.

घड मी स्वतः निवडून दिले, एकेक तपासून. त्यातला तिसरा घड तिने परत केला. "ये नहीं." मी विचारलं, का नाही? तिने घड उजेडाकडे वळवला. आतल्या एका मण्यावर केसाएवढी चीर होती. मी पास केलेला घड नापास करणारं माणूस मला बावीस वर्षांत भेटलं नव्हतं. मला राग आला. पुढे जे झालं त्याला मी पुष्कळ कारणं दिली, स्वतःला आणि दुसऱ्यांनाही, पण खरं कारण मला वाटतं तिथे आहे. तिचा डोळा माझ्यापेक्षा चांगला होता आणि ते मला सहन झालं नाही.

बारा नग झाले. प्रत्येकाची कड तिने अंगठ्याने दाबत दाबत बंद केली, करंजीला मुरड घालतात तशी. दगडी खोलीत जमीन उकरून वाळू अंथरली, त्यावर ते मांडले. खिडकीला ओलं पोतं लावलं. त्यावर बाहेरून रोज पाणी मारायचं काम वॉचमनला दिलं. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. "हमारे यहाँ इसके बाद सर्दी आती है, मैडम. यहाँ गर्मी आएगी." मग तिने मला सांगितलं की प्रत्येक नग वेगळा आहे, पण एकदा उघडला की तो संपला. जूनपर्यंत हात लावायचा नाही.

एप्रिलमध्ये पॅकहाऊस बंद होतं. शनिवारी तेवढी मी मशीन बघायला जाते. पहिल्या शनिवारी दगडी खोलीत गेले ती केवळ बघायला. बघता बघता मनात आलं, सॅम्पल काढल्याशिवाय लॉट ठेवतात का कधी? बाराच्या लॉटमधून एक, हा तर नियमच आहे. मी एक नग उचलला आणि फोडला.

द्राक्षं चांगली होती. एका आठवड्यात काय होणार आहे? मी ती पिशवीत घातली आणि घरी नेऊन खाल्ली. आता अकरा राहिले. पॅकहाऊसमध्ये यादीवर बारा आणि जागेवर अकरा ही गोष्ट मला बघवत नाही. मी थाळीचे तुकडे जुळवले, मंगलच्या बादलीत उरलेली माती भिजवली आणि रिकामा नग पुन्हा बंद करून जागेवर ठेवला. खूण म्हणून खाली एक खडा ठेवला.

दुसऱ्या शनिवारी दुसरा. तिसऱ्या शनिवारी तिसरा उघडला तेव्हा मला बुरशी सापडायलाच हवी होती. सापडली नाही. देठ हिरवा होता. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला संशय आला. ही कोल्ड स्टोअरमधले घड आणून आत भरत नसेल कशावरून? मी दाराला माझं स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्राच्या दोऱ्यात अडकवली. पुढच्या शनिवारी कुलूप जसंच्या तसं, द्राक्षं जशीच्या तशी. मग वाटलं, हा एक नशिबाने चांगला निघाला असेल, म्हणून कधी कधी एकाच शनिवारी दोन फोडले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. मी तर फुंकून फुंकून सगळं ताक सांडत होते आणि ते मला दिसत नव्हतं. मे महिन्यात बाहेर डांबर वितळत होतं, खोलीत मातीचा गार वास होता आणि मी खाली बसून एकेक मणी तोंडात टाकत होते. इतकी गोड साहेबी मी आयुष्यात खाल्ली नव्हती. घरी नवऱ्याला चार मणी दिले तर म्हणाला, "या दिवसांत? कोल्ड स्टोअरची असतील." मी हो म्हटलं.

बारावा मी ठेवणार होते. खरंच ठेवणार होते. पण शुक्रवारी अण्णांचा फोन आला की उद्या सगळे येणार आहेत. संस्थेच्या ताई, निफाडचे दोन बागायतदार, कोल्ड स्टोअरवाले शिंदे. अकरा रिकामे मी जाणून होते, पण बारावा? चारचौघांत बारावा उघडला आणि नेमका तोच नासका निघाला तर? तो माल माझ्या कुलपातला होता. खात्री झाल्याशिवाय माल सोडायचा नाही, ही माझी बावीस वर्षांची रीत. भर दुपारी मी पॅकहाऊसला गेले आणि खात्री केली. सगळ्यांत सुंदर घड त्यात होता. तो हातात धरून मी वाळूवर बसले, आणि मी काय करून ठेवलं ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

त्या क्षणी अण्णांना फोन केला असता तरी चाललं असतं. घड हातात होता, दाखवता आला असता. मी तो खाल्ला. बारावा नग बंद केला आणि जागेवर ठेवला.

शनिवारी जरमीना नवीन ओढणी घेऊन आली होती. मुलगीही शाळेच्या गणवेशात होती, ताईंनी फोटोसाठी तसं सांगितलं असावं. भिंतीवर ताईंनी आणलेला बॅनर लावला होता. मंगल आणि आठ-दहा बाया मुद्दाम आल्या होत्या. जरमीनाने पहिला नग दोन्ही हातांनी उचलला आणि तिचा चेहरा बदलला. न फोडताच तिला वजन कळलं होतं. तिने तो खाली ठेवला, दुसरा उचलला, तिसरा उचलला. बाराही उचलून खाली ठेवले. मग एकाच्या कडेवरून सावकाश बोट फिरवलं.

"फोड की," अण्णा म्हणाले. ती हलली नाही, म्हणून त्यांनी स्वतःच एक फोडला. मग दुसरा. शिंदे हसले, "शेठ, हवा बाकी एकदम ताजी निघाली बघा!" बागायतदार हसले. ताईंनी फोन खाली केला.

"मैंने भरे थे," जरमीना म्हणाली.

"खोलीची किल्ली मॅडमकडे होती," अण्णांनी सगळ्यांना सांगितलं. माझ्याकडे किल्ली असणं म्हणजे कुणी हात लावला नसल्याचा पुरावा. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात भर दुपारी ते पडलं होतं, पण माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. माझ्यावर संशय घ्यायची तिथे कुणाला सवयच नव्हती. "मॅडम, तुमच्यासमोर भरले होते ना?" अण्णांनी विचारलं.

मी म्हटलं, "घड मी दिले होते, अण्णा. मी लोडिंगच्या गडबडीत होते. पुढे तिने काय केलं ते तिलाच माहीत."

हे वाक्य मी आजवर कुणासमोर असं लिहून काढलं नव्हतं. जरमीनाने माझ्याकडे पाहिलं, मुलीचा हात धरला आणि ती निघाली. मंगल एकटीच मागून बडबडत होती, "म्या थापल्यात त्या थाळ्या, ती तसली बाई नाय," पण मंगलचं कोण ऐकतं?

दोन दिवसांनी मला राहवलं नाही. मी अण्णांच्या ऑफिसात गेले आणि सगळं सांगितलं. कुलूप, शनिवार, खडे, सगळं. अण्णा हसले. "मॅडम, तुम्हाला तिची दया आली, ते मी समजू शकतो. पण तुम्ही? तुम्ही सिझनमध्ये पडलेला मणी तोंडात टाकत नाही, तुम्ही बारा नग खाल्ले? ऊन लागलंय तुम्हाला. घरी जा." मी परत परत सांगितलं. जितकं सांगत गेले तितकी त्यांची खात्री होत गेली की मी तिला पाठीशी घालते आहे. तोपर्यंत हमीदाभाभीची खोली रिकामी झाली होती.

ताईंनी तिला दिल्लीला जाऊ दिलं नाही, हे मला वर्षभराने कळलं. उंटावरच्या बाईने तेवढं केलं होतं. नाशकात शिवणाचा वर्ग होता, तिथे तिला बसवलं. मुलीला चौथी शाळा मिळाली. जायला मला पिंपळगावहून तासभर लागतो. मला दोन वर्षं लागली.

गेल्या रविवारी गेले. जुन्या नाशकात एका हॉलमध्ये दहा-बारा मशीनं, कापडी पिशव्यांचा ढीग, बाहेर गल्लीत गाड्यावर सिझनची पहिली द्राक्षं आलेली, जरा आंबटच. जरमीना खिडकीपाशी बसली होती. मला बघून तिने टीप पूर्ण केली, दोरा तोडला आणि खुर्ची पुढे ओढली. ती आता मराठी बोलते. वर्गातल्या बायांनी शिकवली असणार.

मी उभ्यानेच म्हटलं, "ते नग मी फोडले होते. बाराही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "कडेवर अंगठा तुमचा होता. जाड, तिरपा."

"मग बोलली का नाहीस?"

ती पिशवीचा बंद सरळ करत राहिली. "मला वाटलं, सडले. इथे गर्मी लय. तुम्ही आधी बघितलं, सडलेलं दिसलं, तर फेकून दिलं. सगळ्यांच्या समोर, माझ्या मुलीच्या समोर किडे निघण्यापेक्षा रिकामं बरं. तुम्ही माझी लाज राखली, असं मला वाटलं. आणि लोकांपुढे तसं बोललात, ते नोकरीसाठी बोललात."

दोन वर्षं ही बाई असं समजत होती. माझ्या हातून जे झालं त्याचा यापेक्षा चांगला अर्थ माझ्या आईनेही लावला नसता. मला रडू फुटलं. आजूबाजूची मशीनं थांबली.

"सडले नव्हते," मी म्हटलं. "एकही सडला नव्हता. बाराही चांगले निघाले."

तिचे हात थांबले. "शेवटचा कधी उघडला?"

"आदल्या दिवशी. जूनमध्ये."

"देठ?"

"हिरवा."

"पाणी सुटलं होतं?"

"नाही. मणी कडक होते. पहिल्यापेक्षा गोड होते."

ती खिडकीबाहेर बघू लागली. ओठ हलत होते, बहुतेक महिने मोजत असावी, एप्रिल, मे. या मातीत, या उन्हात तिचं कसब टिकलं होतं की नाही, हे जगात एकाच माणसाने चाखून पाहिलं होतं. मग ती माझ्याकडे वळली आणि माझा चेहरा नीट न्याहाळून तिने विचारलं, "खरं सांगताय ना, मॅडम? की मला बरं वाटावं म्हणून?"

मी तोंड उघडलं. दाखवायला माझ्याकडे एक मणीही नव्हता.